महूत पाच वर्षांच्या युद्धाची चर्चा. इंदूरच्या बाजाराची तयारी काय?

इंदूर : पुढचं युद्ध दोन महिने चालेल की पाच वर्षं, हे आज कुणी सांगू शकत नाही, तयारी दोन्हींची ठेवावी लागेल. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी २७ ऑगस्ट २०२५ रोजी महूच्या आर्मी वॉर कॉलेजमध्ये 'रण संवाद' या तिन्ही दलांच्या परिसंवादात हा मुद्दा मांडला. त्याआधी ७ मे रोजी देशातल्या २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली होती, त्यात इंदूरही होतं. सायरन वाजले, दिवे मालवले, काही मिनिटांत ते पुन्हा लागले आणि लोक कामाला लागले.

या दोन बातम्या एकत्र वाचल्या की प्रश्न पडतो. सैन्य वर्षांचा हिशेब मांडतंय आणि नागरिकांचा सराव मिनिटांत संपतोय. मधल्या काळाचं काय? इंदूर आणि महू यांच्यात अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर, पण तयारीतलं अंतर त्याहून बरंच मोठं आहे.

महूची छावणी आली कुठून?

उत्तर एका हरलेल्या लढाईत आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेकाठी महिदपूरला होळकरांची फौज आणि इंग्रजांची फौज भिडली. गादीवरचे दुसरे मल्हारराव तेव्हा लहान होते, आणि कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंची आदल्याच दिवशी आपल्याच छावणीत हत्या झाली होती. लढाई एका दिवसात आटोपली. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला.

शाळेच्या पुस्तकात हा तह एका ओळीत संपतो. हिशेबाच्या नजरेनं पाहिला तर त्यातली कलमं बोलकी आहेत. राजपूत संस्थानांकडून येणारी खंडणी सोडायची. सातपुड्यातला आणि त्याच्या दक्षिणेचा मुलूख, सेंधव्याचा किल्ला आणि खानदेशातली ठाणी इंग्रजांना द्यायची. जादा फौज कमी करायची. बदल्यात कंपनी सरकार रक्षणासाठी आपली फौज ठेवणार, पण ती कुठं ठेवायची हे तेच ठरवणार. त्या फौजेसाठी लागणारं धान्य, कापड, बैल, घोडे, उंट यांच्यावर जकात घ्यायची नाही.

थोडक्यात, उत्पन्नाचे मुलूख गेले आणि फौजेच्या खरेदीवरची जकातही गेली. परकी सत्ता बसते म्हणजे नुसता झेंडा बदलत नाही. कुणाच्या मालावर कर लागणार आणि कुणाच्या नाही, हेही बदलतं. महूची छावणी याच तहानंतर उभी राहिली. होळकरांची राजधानी इंदूरला आली तीही १८१८ मध्येच.

सीमेच्या दोन्ही बाजूंना काय उरलं?

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वाचकांसाठी हा तह परका नाही. खानदेश आणि माळवा वेगवेगळ्या कारभाराखाली जाण्याची मोठी पायरी ती होती. आजची राज्यसीमा जशीच्या तशी त्या तहाची नव्हे. १९५६ ची राज्य पुनर्रचना आणि १९६० चा महाराष्ट्र यांनी ती ठरवली. पण खानदेश मुंबई इलाख्यात आणि इंदूर संस्थानात, ही वाटणी त्या पराभवानंतर पक्की झाली. मधल्या काळात भाषा, सोयरीक आणि बाजार मात्र सातपुडा ओलांडत राहिले.

१८५७ : अफवा आधी, गोळी नंतर

१ जुलै १८५७ ला सकाळी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. सआदत खान त्याच्या अग्रभागी होते. प्रभारी एजंट हेन्री ड्युरँड सिहोरकडे निघून गेले आणि त्याच रात्री महूच्या पलटणी उठल्या. तुकोजीराव होळकर दोन्हीकडून अडकले. शिपाई त्यांना सामील व्हा म्हणत होते, इंग्रज त्यांच्याकडे संशयानं पाहत होते. वाड्यात आसरा घेतलेल्यांना त्यांनी शिपायांच्या हवाली केलं नाही. पुढं हिशेब चुकते झालेच. अमझेऱ्याचे राणा बख्तावरसिंह यांना १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरात फाशी दिली. सआदत खानांना १८७४ मध्ये, म्हणजे तब्बल सतरा वर्षांनी. युद्ध संपलं असं कागदावर लिहिलं तरी खटले चालूच राहतात.

यात सामान्य माणसाचं काय झालं, हे एका मराठी माणसानंच लिहून ठेवलंय. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेला निघाले आणि महूपाशीच बंडाच्या बातमीत सापडले. पुढं ते झाशीच्या वेढ्यात अडकले. 'माझा प्रवास'मधली झाशीची लूट वाचताना ध्यानात येतं की सोनंनाणं गेल्यावर भांडी जातात, कपडे जातात आणि शेवटी धान्यही जातं. कमाईसाठी निघालेले गोडसे घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. ना शिपाई, ना संस्थानिक. नुसते वाटसरू होते.

सायरनच्या पलीकडं

आज महूत आर्मी वॉर कॉलेज आहे, इन्फंट्री स्कूल आहे, दूरसंचार अभियांत्रिकीचं लष्करी महाविद्यालयही आहे. इंदूर हे राज्यातलं सर्वांत मोठं व्यापारी शहर. लष्करी केंद्र आणि बाजारपेठ इतकी जवळ असताना नागरी संरक्षण म्हणजे फक्त दिवे मालवणं असू शकत नाही.

लांबलेल्या युद्धात शहराला तीन गोष्टी लागतात. पहिली, पुरवठा. इंदूर–धुळे रस्त्यावर बिजासन घाट अडला तर दोन राज्यांची मालवाहतूक अडते. त्यासाठी बडवानी आणि धुळे जिल्हा प्रशासनांचा एकत्र आराखडा हवा, आपापल्या हद्दीपुरता नव्हे. दुसरी, खरी बातमी. १८५७ ची अफवा पायी चालत होती, आजची मोबाइलवर येते. सीमेपलीकडच्या गावाला आपल्या भाषेत अधिकृत माहिती देणारी व्यवस्था लागेल. बऱ्हाणपूर, खरगोन, बडवानीत ती मराठीतही हवी. तिसरी, रोजंदारी. हंगामात हजारो मजूर राज्याची हद्द ओलांडतात. वाहतूक थांबली तर त्यांचं रेशन कुठल्या राज्यानं द्यायचं, हे संकटाच्या दिवशी ठरवायची गोष्ट नाही.

सैन्यानं पाच वर्षांचा विचार करावा, ते त्यांचं कामच आहे. पण त्या पाच वर्षांत रोज चूल पेटवायची आहे नागरिकांना. पुढच्या मॉक ड्रिलमध्ये सायरनसोबत धान्याचं गोदाम, दवाखाना आणि घाटाचा रस्ता यांचीही परीक्षा झाली, तर त्या सरावाला अर्थ राहील.