आलेल्या खोक्यांची साभार पोच

‘जे मला आवडत नाही, त्याचा मी व्हिडिओच करत नाही.’ कंपन्यांकडून फुकट आलेल्या वस्तूंची परीक्षणं करणारे अनेक ब्लॉगर आणि यूट्यूबर हे अभिमानाने सांगतात. वस्तू एअर फ्रायर असो, फेस सीरम असो की मोबाइल. सांगणाऱ्याला तो सचोटीचा दाखला वाटतो, ऐकणाऱ्यालाही वाटतो. मला मात्र सगळी गडबड इथेच दिसते.

समजा, एका कंपनीने दहा जणांना मिक्सर पाठवला. तिघांना आवडला, ते भरभरून बोलले. सात जणांकडे भांडं गळलं किंवा मोटर तापली. ते गप्प बसले. कुणीही खोटं बोललेलं नाही. पण दुकानात जाण्याआधी मोबाइलवर शोधणाऱ्या बाईला दिसतात ती तीन परीक्षणं, आणि तिन्ही चांगली. गळणाऱ्या भांड्याची, तापणाऱ्या मोटरची माहिती सात घरांत होती. ती तिच्यापर्यंत पोचली नाही, आणि पैसे तिचे गेले. कंपनीला फुकट मिक्सरच्या बदल्यात तीन जणांचं कौतुक मिळालंच, पण त्याहून मोलाचं असं सात जणांचं मौनही मिळालं.

हे मौन का पाळलं जातं, तेही उघड आहे. वाईट बोललं की पीआर एजन्सीच्या यादीतून नाव गळतं, पुढचं खोकं येत नाही. ‘बार्टर’वर, म्हणजे पैशांऐवजी वस्तू घेऊन, काम करणाऱ्या छोट्या ब्लॉगरला तर तीच कमाई असते. त्याची अडचण मला कळते. पण त्या अडचणीची किंमत ग्राहकाने का मोजावी?

नियम आहेत. जाहिरात मानक परिषदेची म्हणजे ‘ॲस्की’ची मार्गदर्शक तत्त्वं 2021पासून लागू आहेत. वस्तू फुकट मिळाली असेल तर मत कितीही निःपक्ष असलं तरी तसं जाहीर करा, असं ती स्पष्ट सांगतात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी 2023मध्ये तेच बजावलं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कायद्यात 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड आहे. हे सारं हवंच. पण हे सगळे नियम बोललेल्या शब्दांना लागू होतात. जो व्हिडिओ झालाच नाही, त्यावर ‘फुकट भेट’ अशी पट्टी कुठे लावणार?

‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ही अमेरिकी संस्था चाचणीच्या वस्तू दुकानातून स्वतःच्या पैशाने विकत घेते. एकट्यादुकट्या ब्लॉगरला ते परवडणार नाही, हे मान्य. त्याच्यासाठी आपल्याकडे जुनी, बिनखर्चाची रीत आहे. मराठी नियतकालिकांकडे परीक्षणासाठी पुस्तकं फुकटच येतात. सगळ्यांवर लिहिणं शक्य नसतं. म्हणून आलेल्या पुस्तकांची यादी ‘साभार पोच’ म्हणून छापली जाते. कशावर लिहिलं आणि कशावर नाही, हे वाचकाला ताडून पाहता येतं.

वस्तूंची परीक्षणं करणाऱ्यांनी ही रीत उचलावी. दर महिन्याला एक यादी द्यावी: काय आलं, कुणी पाठवलं, काय वापरलं, कशावर बोललो नाही. प्रत्येक वस्तूवर टीका करा, अशी अपेक्षा नाही. नावं तेवढी सांगा. एकच मिक्सर पाच जणांच्या यादीत आला आणि पाचही जण गप्प राहिले, तर ग्राहकाला जे समजायचं ते समजेल.

आणि ज्यांच्या भरवशावर हा सगळा व्यवहार चालतो त्या प्रेक्षकांनी आवडत्या परीक्षकाकडे ही यादी मागावी. जो देणार नाही, त्याच्या शिफारशीवर पैसे खर्च करू नयेत.