द्रौपदी हसली, म्हणून?

महाभारत नव्याने सांगू नये, असे मी म्हणणार नाही. प्रत्येक पिढीने ते सांगितलेच आहे. पण पदरचे काय घालायचे, याला काही धरबंद? मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा द्रौपदी 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' म्हणाली, हे आपल्याला पाठ असते. १९८८-९० मधल्या दूरदर्शन मालिकेने ते घरोघरी नेले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पुरी केलेल्या चिकित्सक आवृत्तीत हे वाक्यच नाही! तिथे हसतात ते सेवक आणि भीमादी पांडव. द्रौपदी हसल्याचे दुर्योधन मागाहून बापाला सांगतो. एवढे युद्ध एका बाईच्या जिभेवर का लादायचे?

तिचा खरा प्रश्न द्यूतसभेतला. आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? भीष्मांनाही धड उत्तर देता आले नाही. आजच्या कथनांत मात्र तो वस्त्रहरणाच्या धांदलीत उरकला जातो. इरावतीबाई कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) तो विचारणे ही तिची चूकच ठरवली. मला हे पटत नाही; पण निदान त्यांनी तो प्रश्न नीट ऐकला तरी.

पुढल्या स्नेहसंमेलनात कुणी द्रौपदी उभी केली, तर तिला तो पुरा विचारू द्यावा. चमत्काराचे वस्त्र जरा उशिरा आले तरी चालेल.