नाचण्याचा परवाना कोणाला?

न्यूयॉर्क शहराने १९२६ साली एक कायदा केला. जेथे खाणेपिणे विकले जाते तेथे लोकांना नाचू द्यायचे असेल, तर मालकापाशी ‘कॅबरे परवाना’ असला पाहिजे, असा तो कायदा. तो २०१७ पर्यंत, म्हणजे तब्बल ९१ वर्षे, अमलात होता. महामंदी आली नि गेली, महायुद्ध झाले, नागरी हक्कांचा लढा झाला, माणूस चंद्रावर उतरला. पण कोपऱ्यावरच्या बारमध्ये चार माणसांनी ठेका धरला तर मालकावर समन्स बजावण्याची तरतूद जागची हलली नाही. २०१३ मध्ये ब्रुकलिनमधील एका लहान बारच्या मालकाला असे समन्स मिळाले. गिऱ्हाइके संगीताच्या तालावर डोलत होती, हा अपराध!

आपल्या चळवळीतील काही मित्र विचारतील, की दारूच्या गुत्त्यातील नाचगाण्याशी श्रमिकांच्या पक्षाला काय कर्तव्य? त्यातही साल्सा म्हणजे पुण्या-मुंबईत भरमसाट शुल्क घेऊन शिकवला जाणारा सुखवस्तूंचा छंद. हा आक्षेप वरवर क्रांतिकारक दिसतो. वस्तुतः तो अज्ञान आणि सोवळेपणा यांच्या संकरातून जन्मलेला आहे.

साल्सा जन्मला तो श्रमिकांच्या वस्तीत. १८९८ मध्ये अमेरिकेने प्वेर्तो रिको बेट ताब्यात घेतले आणि १९१७ मध्ये तेथील लोकांना नागरिकत्व दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील ऊसशेती मोडकळीस आली. लाखो माणसे न्यूयॉर्कला आली आणि शिवणकारखान्यांत, हॉटेलांच्या भटारखान्यांत राबू लागली. पूर्व हार्लेमला ही माणसे ‘एल बारियो’, म्हणजे ‘आपला मोहल्ला’, म्हणू लागली. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे ढोल आणि स्पॅनिश गिटार यांच्या मिलाफातून क्यूबात घडलेले संगीत तेथे प्वेर्तो रिकन हातांत पडले, जॅझच्या शेजाराने बदलले. १९६४ मध्ये ‘फानिया’ ही ध्वनिमुद्रिका कंपनी निघाली, १९७१ मध्ये ‘चीता’ क्लबातील तिची मैफल गाजली आणि ‘साल्सा’ हे व्यापारी नाव रूढ झाले. (टिटो पुएन्ते यांच्यासारखे बुजुर्ग वादक या नावावर कुरकुर करीत, साल्सा म्हणजे शेवटी चटणीच!) ज्या वस्तीतून हा ठेका आला त्याच वस्तीत १९६९ मध्ये ‘यंग लॉर्ड्स’चे तरुण, पालिका उचलत नसलेला कचरा रस्त्यावर रचून वाहतूक अडवीत होते.

अशा वस्तीतील लहानशा बारमधली साल्साची रात्र म्हणजे असते तरी काय? आठवड्यातील एखाद्या मंद धंद्याच्या दिवशी टेबले भिंतीकडे सरकवली जातात. सुरुवातीला कोणी जाणता नवख्यांना पावले शिकवतो: एक-दोन-तीन, थांबा, पाच-सहा-सात, थांबा. मग नाच सुरू होतो. जोडीदार बांधलेला नसतो. गाणे संपले की आभार मानायचे आणि दुसऱ्या कोणापुढे हात करायचा. साठी उलटलेली बाई विशीतल्या पोराला नाचवते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. जागा बारा हात बाय बारा हात; म्हणून दुसऱ्याच्या पायावर पाय न देण्याची शिस्त आपोआप अंगी येते. दिवसभर ज्याचे शरीर मालकाच्या घड्याळाला बांधलेले असते, त्याचे शरीर तासदोन तास त्याचे स्वतःचे होते. खर्च? एका पेल्याचा. आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी शिकागोत ज्यांनी रक्त सांडले, त्यांना उरलेल्या तासांत माणसाने केवळ झोपावे एवढेच अभिप्रेत नव्हते.

कायद्याने नेमके याच बारला कसे हेरले, ते पाहण्यासारखे आहे. १९६१ च्या सवलतीनुसार परवाना नसलेल्या जागेत तीनपर्यंत वादक चालत. पण वाद्ये कोणती? पियानो, ऑर्गन, अकॉर्डियन, गिटार आणि इतर तंतुवाद्ये. ढोल चालत नसत, पितळी वाद्येही नाहीत. साल्सातून कोंगा, टिम्बालेस आणि ट्रॉम्बोन काढून घेतले तर उरते काय? यादी करणाऱ्याने साल्साचे नावही घेतले नसेल. परंतु काळ्या आणि प्वेर्तो रिकन वस्तीचे संगीत कायद्याबाहेर ठेवण्यास ती यादी पुरेशी होती. १९८६ ते १९८८ या काळात न्यायालयाने वाद्यांवरील आणि वादकसंख्येवरील ही बंधने मोडीत काढली. नाचण्यावरील बंधन मात्र शिल्लक राहिले. त्याआधी, १९४० ते १९६७ पर्यंत, वादकांनाही पोलिसांकडून ओळखपत्र घ्यावे लागे. ते नाकारून बिली हॉलिडे आणि थेलोनियस मंक यांच्यासारख्या कलावंतांची रोजीरोटी तोडली गेली.

आता परवाना मिळणे किती सोपे होते ते पाहा. शहरात खाण्यापिण्याची सुमारे २५,००० ठिकाणे, आणि २०१७ मध्ये परवानाधारक शंभरदेखील नव्हते. ठरावीक विभागांतच परवानगी, अग्निशमनाचे दाखले, कॅमेऱ्यांची सक्ती, कज्जेदलालीचा खर्च. बडे क्लब तो सोसत. गल्लीतला मालक भिंतीवर ‘येथे नाचू नये’ अशी पाटी लावी, किंवा चोरून नाचू देई आणि निरीक्षकाच्या मर्जीवर जगे. १९९० च्या दशकात महापौर जुलियानी यांनी धाडींचा सपाटा लावला तेव्हा टाळी ठोकली गेली ती अशाच जागांना.

महाराष्ट्रातील वाचकाला हे परके वाटू नये. २००५ मध्ये आपल्या राज्याने डान्सबारवर बंदी घातली, ती तीन तारांकित व त्यावरील हॉटेले आणि जिमखाने वगळून! तेथील नाच हा मोबदल्याचा नाच, त्यातील शोषणाचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर, हे मान्य. पण बंदीने शोषण करणाऱ्याला नव्हे, नाचणाऱ्या बाईला उपाशी ठेवले. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये या भेदभावावर बोट ठेवले. तोवर हजारो बायकांचे काम गेले होते, आणि आपल्यापैकी किती जण त्यांच्या मोर्च्याबरोबर चालले? साप सोडून भुई धोपटण्यात आपणही सामील होतो.

हा सोवळेपणा केवळ काँग्रेसी किंवा भांडवली नाही. १९६८ च्या मार्चमध्ये क्यूबाच्या सरकारने ‘क्रांतिकारी आक्रमण’ पुकारले आणि खासगी बार, ठेले, दुकाने हजारोंनी ताब्यात घेतली वा बंद केली. ज्या बेटाने जगाला हा ठेका दिला तेथेच कोपऱ्यावरचा बार क्रांतीचा शत्रू ठरला! वेढलेल्या राष्ट्राच्या अडचणी आम्ही जाणतो. तरीही त्या निर्णयाचे समर्थन करण्याची आम्हाला गरज वाटत नाही. श्रमिकाने मोकळ्या वेळी कोठे बसावे, कोणाबरोबर नाचावे, हे ठरविण्याचा अधिकार गिरणीमालकाकडून काढून पक्षाच्या सचिवाकडे देणे म्हणजे समाजवाद नव्हे.

न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेने २०१७ मध्ये जवळजवळ एकमताने तो कायदा रद्द केला; ब्रुकलिनचे नगरसेवक राफाएल एस्पिनाल त्यासाठी झटले. जमीनवापराच्या नियमांत दडलेले बंधन मात्र २०२४ पर्यंत रेंगाळले. आता परवाना गेला आहे, भाडे उरले आहे. १९४५ ते १९६३ या काळात त्या शहरात दुकानगाळ्यांच्या भाड्यावर नियंत्रण होते. ते उठल्यावर करार संपताच मालक मागेल तो आकडा द्यायचा किंवा गाळा सोडायचा. भाडेकराराच्या नूतनीकरणाचा हक्क छोट्या धंदेवाल्याला मिळावा, असे विधेयक १९८० च्या दशकापासून पुनःपुन्हा मांडले गेले. नाचण्याला झपाट्याने हात वर करणाऱ्या परिषदेने ते आजवर मंजूर केलेले नाही.