हसणारा कोण आणि हसे कोणाचे?

फिनलंडचे लेखक आर्तो पासिलिन्ना यांची १९८३ सालची एक गुन्हेगारी कादंबरी आहे. तिच्या नावाचा अर्थ 'फासावर लटकलेल्या कोल्ह्यांचे जंगल'. नाव ऐकून धडकी भरावी, पण आत पानोपानी हसू! या हसण्याविषयीच आम्हाला आज चार शब्द लिहायचे आहेत.

कथा अशी. ओइवा युन्तुनेन नावाच्या भामट्याकडे चोरीच्या सोन्याच्या लगडी आहेत. साथीदार तुरुंगात, हा बाहेर चैनीत. पण वाटा मागायला खुनशी साथीदार सुटून येणार म्हटल्यावर याची पाचावर धारण बसते आणि तो स्टॉकहोम सोडून थेट उत्तरेकडे, लॅपलँडच्या जंगलात पळतो. हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य न उगवणारा हा मुलूख. तिथे त्याला भेटतो लष्करातून रजेवर आलेला दारूडा मेजर रेमेस. चोर आणि मेजर एकाच झोपडीत! कायदा मोडणारा कोण आणि राखणारा कोण, हे काही पानांतच वाचकाला ओळखता येईनासे होते.

पण कादंबरीचा खरा जीव आहे नव्वदीची म्हातारी, नास्का मोस्निकॉफ. ती स्कोल्ट सामी, म्हणजे तिथली आदिवासी. सरकारी माणसे तिला वृद्धाश्रमात टाकू पाहतात. म्हातारी मांजर काखेत मारून त्यांच्या हातावर तुरी देते, बर्फातून चालत या दोघांच्या झोपडीत पोचते आणि त्यांचा संसारच ताब्यात घेते. तिचे भले कशात आहे ते तिला न विचारताच ठरवणाऱ्या व्यवस्थेचे इथे हसे होते. म्हातारीचे होत नाही. पुढचे सांगून आम्ही मजा घालवत नाही.

आता कोणी विचारील, बर्फातल्या या म्हातारीशी आपले काय देणेघेणे? देणेघेणे आहे. स्कोल्ट सामी मूळचे पेत्सामो भागातले. १९४४ साली तो प्रदेश सोव्हिएत युनियनकडे गेला आणि हे लोक उठवले गेले. १९४९ साली सेवेत्तियार्वी परिसरात त्यांचे पुनर्वसन झाले. शाळांच्या वसतिगृहांत सामी मुलांची भाषा त्यांच्या तोंडातून काढून घेतली गेली. सामी हे मूळनिवासी आहेत, हे फिनलंडच्या संविधानात यायला १९९५ साल उजाडले! ज्या समाजाची जमीन आणि भाषा हिरावली गेली, त्याच समाजाला पुढे टीव्हीवर हसण्याचा विषय करण्यात आले. १९८०च्या दशकात पिर्का-पेक्का पेतेलियुस या विनोदी नटाने सामींचा पोशाख घालून त्यांना दारूडे, मळकट, बावळट असे रंगवले. सारा देश खदखदून हसला. २०१९ साली, खासदार झाल्यावर, याच नटाने सामींची जाहीर माफी मागितली. तीस वर्षांनी का होईना, मागितली! २०२१ साली तिथे सत्यशोधनासाठी आयोगही नेमला गेला.

एकाच देशात, एकाच दशकात, एकाच समाजाविषयी हे दोन विनोद. एक सत्तेला चिमटा काढणारा, दुसरा पिचलेल्यांना आणखी पिचणारा. विनोद वाईट नाही, त्याची दिशा तपासायला हवी.

ही दिशा आमच्या पूर्वसुरींना नेमकी ठाऊक होती. महात्मा फुले यांनी १८५५ साली लिहिलेल्या 'तृतीय रत्न' नाटकात विदूषक आहे आणि तो जोशीबुवांचे कपट उघडे पाडतो. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलशांतून भटशाहीची अशीच रेवडी उडवली. आज मात्र कॉलेजच्या कट्ट्यावर आमच्या मुलांना 'कोट्यातले' म्हणून हसले जाते आणि मूल दुखावले की वर ऐकवले जाते, 'अहो, गंमत केली, मनावर काय घेता?' ज्याला ही गंमत रोज सोसावी लागते, त्यालाच ती कशी लागते ते ठाऊक!

एक गोष्ट मात्र नोंदवलीच पाहिजे. पासिलिन्ना लॅपलँडात जन्मले, तरी ते सामी नव्हेत. नास्का कितीही झकास उतरली असली, तरी ती दुसऱ्याने पाहिलेली नास्का आहे. घरात आल्याबरोबर दोघा पुरुषांचा स्वयंपाक, झाडलोट तिच्याच वाट्याला का, हा प्रश्न एखाद्या सामी लेखिकेने कदाचित विचारला असता. म्हणून आमचे तरुण लेखकांना सांगणे आहे. वेदना तुम्ही लिहिलीत, लिहायलाच हवी होती. आता आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांचा खट्याळपणा, साहेबाला गप्प करणारी त्यांची उत्तरे, हेही लिहा. आमच्यावर कोणी हसावे याची वाट कशाला पाहायची? हसायचे कोणावर, ते आपण ठरवू!