गुलाबी चहा करडा का झाला?

जानेवारीत आम्ही श्रीनगरला गेलो, तेव्हा चिल्लई कलांचे दिवस होते. 21 डिसेंबरपासून 40 दिवस चालणाऱ्या कडाक्याच्या थंडीला तिथे हे नाव आहे. एके दिवशी फजरची नमाज पढून आम्ही झेलमकाठच्या जुन्या वस्तीत हरिसा खायला निघालो. धुकं इतकं दाट, की शाह-ए-हमदानची लाकडी खानकाह जवळ जाईपर्यंत दिसलीच नाही.

हरिसा म्हणजे आपल्या खिचड्याचा चुलतभाऊच. पण यात गव्हाऐवजी तांदूळ असतो. मटण, तांदूळ, बडीशेप, दालचिनी, वेलची हे सगळं भट्टीत बसवलेल्या देगेत रात्रभर शिजतं आणि लाकडी घोटणीनं एकजीव केलं जातं. वरून कडकडीत तेल सोडतात. सोबत तंदूरमधली रोटी.

हरिसा आमच्या मुलानं चाटूनपुसून खाल्ला. मग आला नून चाय. पहिल्याच घोटाला तो ओरडला, ‘‘अम्मी, चहात मीठ पडलंय!’’ दुकानदार हसले. काश्मिरीत नून म्हणजे मीठच. हिरव्या चहाची पानं खाण्याचा सोडा घालून खूप वेळ उकळतात. त्यात दूध पडलं की गुलाबी रंग येतो. मुलानं तोंड वाकडं केलं, तसं मी त्याला डोळ्यांनीच दटावलं.

बाहेर आल्यावर त्याला हदीसमधली गोष्ट सांगितली. प्रेषित (स.) यांच्यासमोर एकदा घोरपडीसारख्या प्राण्याचं भाजलेलं मांस आलं. त्यांनी हात मागे घेतला. हराम आहे का, असं हजरत खालिद (रजि.) यांनी विचारलं. तर नाही, माझ्या लोकांच्या मुलुखात हे नसतं, म्हणून मन घेत नाही, एवढंच ते म्हणाले. हजरत खालिद यांनी ते त्यांच्यासमोरच खाल्लं. आवडलं नाही तर खाऊ नये. नावं ठेवू नयेत.

रात्री मुलगा मोबाइलवर फोटो ‘मूडी’ करत बसला. उजेड कमी, रंग फिके, सावल्यांना निळसर झाक, कडा काळ्या. धुक्यातली खानकाह खरोखर सुरेख दिसू लागली. पण तेच फिल्टर त्यानं दुकानातल्या फोटोलाही लावलं. गुलाबी चहा करडा झाला, हरिशावरचं तेल गटारासारखं दिसू लागलं आणि आग्रहानं दुसऱ्यांदा वाढणारे ते हसरे दुकानदार एखाद्या दुखवट्याला बसल्यासारखे वाटू लागले.

त्यांनी जाताना नंबर देऊन म्हटलं होतं, ‘‘बेटा, फोटो जरूर भेजना.’’

मी एवढंच विचारलं, ‘‘हा पाठवशील त्यांना?’’

तो गप्प झाला. आपल्या मित्रांना जो फोटो तो कौतुकानं दाखवणार होता, तो फोटोतल्या माणसाला दाखवायची त्याला लाज वाटली. काश्मीर उदास दाखवायची लोकांना सवयच झाली आहे. त्यात आपण भर कशाला घालायची?

मग त्यानं मूळ फोटो घेतला, उजेड किंचित वाढवला, रंग होते तसेच ठेवले आणि पाठवला.

तेव्हापासून आमच्या घरी एक नियम आहे. धुकं, पाऊस, डोंगर हवे तेवढे गडद करा. माणसाचा चेहरा आणि त्याच्या ताटातलं अन्न मात्र होतं तसंच राहू द्या. आणि फोटो टाकण्याआधी एकदा स्वतःला विचारा: ज्याचा आहे, त्याला तो दाखवता येईल का?