झोपेला मीटर

मी कॉमर्सचा पदवीधर आणि त्यातून बँकेत कारकून. 'स्वस्त' हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. एकावर एक फुकट मिळत असेल, तर नको असलेली पहिली वस्तूही मी हौसेने घेतो. आमच्या घरात तीन प्रेशर कुकर का आहेत, हे पाहुण्यांना समजावताना सौभाग्यवती नेहमी माझ्याकडे बोट दाखवते.

असा हा माणूस गेल्या वर्षी भाच्याकडे टोकियोला गेला आणि एका रात्री शिंजुकू स्टेशनवर त्याची शेवटची गाडी चुकली. तिथे मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात गाड्या बंद होतात, त्या पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतात. भाच्याला फोन लावला.

"मामा, टॅक्सी करू नकोस, दिवाळं निघेल," तो म्हणाला. "नेट कॅफेत झोप. परदेशी प्रवासी मुद्दाम झोपतात तिथे. हॉटेलचे पैसे वाचतात."

वाचतात म्हटल्यावर मी निघालोच.

काउंटरवरच्या मुलाने आधी पासपोर्ट मागितला. टोकियोत २०१० पासून नेट कॅफेत ओळखपत्र दाखवावं लागतं. सात समुद्रांपलीकडेही केवायसीने माझी पाठ सोडली नव्हती! रात्रीच्या आठ तासांचे अडीच हजार येन, म्हणजे आपले चौदाशेच्या आसपास. त्या बदल्यात मिळालं फळ्यांचं एक खोकं. फळ्या छतापर्यंत पोचत नव्हत्या, दाराला कडी नव्हती आणि आत एक गादीवजा चटई, एक संगणक आणि एक दिवा. कायद्याने हे हॉटेल नव्हे. ग्राहक वाचायला आणि संगणक वापरायला येतो, त्याला मध्येच डोळा लागला तर तो त्याचा प्रश्न! बाहेर चित्रकथांची कपाटंच्या कपाटं आणि हवी तितकी कॉफी फुकट. मी चार कप प्यालो. फुकट होती ना! त्यानंतर झोप कशी येणार, हा हिशेब मात्र चुकला.

जागाच होतो, म्हणून कान उघडे होते. डावीकडे कोणी घोरत होतं, उजवीकडे कोणी खोकत होतं, आणि प्रत्येक खोकल्यानंतर हळूच 'सुमिमासेन' म्हणत होतं. म्हणजे 'माफ करा'. रात्री तीन वाजता, अंधारात, कुणालाही न दिसता माफी मागणारा हा कोण सभ्य गृहस्थ?

पहाटे दिसला. माझ्याच वयाचा. अंघोळ करून, टाय बांधून, केस नीट विंचरून बाहेर आला. त्याचं खोकं अर्धवट उघडं होतं. आत छत्री होती, बुटांचा दुसरा जोड होता आणि हँगरवर एक धुतलेला शर्ट. प्रवाशाजवळ छत्री असते हो, हँगर नसतो!

भाच्याने सांगितलं की अशा लोकांसाठी जपानीत शब्दच आहे : नेट कॅफे निर्वासित. २००७ साली तिथल्या सरकारने मोजले, तेव्हा देशभरात सुमारे ५,४०० निघाले. २०१८ साली जाहीर झालेल्या एकट्या टोकियोच्या पाहणीत सुमारे ४,००० निघाले.

आता माझ्यातला कारकून जागा झाला. रोजचे अडीच हजार, महिन्याचे पंचाहत्तर हजार येन. एवढ्यात टोकियोच्या कडेला छोटीशी खोली भाड्याने मिळते! मग हा गृहस्थ घेत का नाही? कारण खोलीला आधी अनामत लागते, घरमालकाला 'आभाराचे पैसे' लागतात (हे परत मिळत नाहीत, आपली पागडीसुद्धा इतकी गोड बोलत नाही), दलाली लागते आणि हमी देणारा लागतो. काही महिन्यांचं भाडं एकदम मोजावं लागतं. ते नाही म्हणून तो रोज रात्री तेवढंच भाडं देऊन खोकं घेतो. श्रीमंत माणूस घर ठोक भावाने घेतो, गरिबाला ते किरकोळीने घ्यावं लागतं. आणि किरकोळ भाव नेहमी चढा असतो, हे आम्हाला एफ.वाय.लाच शिकवलं होतं.

म्हणून माझं भांडण आहे ते या झोपेला 'युक्ती' म्हणणाऱ्यांशी. एक रात्र खोक्यात काढावी, मान अवघडून घ्यावी, त्याचं खुशाल कौतुक सांगावं, मीही सांगितलं. पण आपली ती गंमत, कारण आपल्या खिशात कुठल्यातरी दाराची किल्ली असते. २०२० च्या एप्रिलमध्ये साथीमुळे टोकियोत नेट कॅफे बंद ठेवायला सांगितले, तेव्हा ज्यांना घर होतं ते घरी बसले. ज्यांचं घरच बंद झालं, त्यांच्यासाठी सरकारला हॉटेलच्या खोल्या घ्याव्या लागल्या. म्हणजे खोल्या होत्या! फक्त साथ यावी लागली.

मुंबईला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात काउंटरवर एक पोरगा आला. खातं उघडायचं होतं.

"पत्त्याचा पुरावा?" मी सवयीने विचारलं.

"कॉट बेसिसवर राहतो, साहेब. मालक लिहून देत नाही."

अशा माणसाला 'उद्या या' म्हणण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. पुराव्याचे कागद नसलेल्यांसाठी 'छोटं खातं' उघडायची सोय नियमांतच आहे. फक्त तो फॉर्म खालच्या खणात असतो आणि माझी कंबर दुखते. त्या दिवशी वाकलो.

पोरगा फॉर्म भरता भरता खोकला आणि म्हणाला, "सॉरी, साहेब."

मी म्हटलं, "अरे, खोक की निवांत. इथे मीटर नाही."