रात्रपाळीचे पाणी

कोयनेचे पाणी १९६२ साली सह्याद्रीच्या उदरात खोदलेल्या पोफळीच्या वीजगृहात उतरू लागले, पुढे गावोगाव खांब उभे राहिले, तारा ओढल्या गेल्या आणि सरकारी दप्तरांतून विद्युतीकरणाचा रकाना यथावकाश भरला गेला. परंतु ज्या शेतकऱ्याच्या नावे हा सारा उद्योग झाला, त्याच्या शेतपंपाला तीन फेजची वीज अद्यापि अनेक ठिकाणी पाळीपाळीनेच मिळते : काही दिवस दिवसा आठ तास, तर काही दिवस रात्री आठ-दहा तास.

रात्रपाळी लागली, की पौषातल्या कडाक्याच्या थंडीत कानाला मफलर गुंडाळून, एका हातात बॅटरी व दुसऱ्यात फावडे घेऊन, गव्हाच्या वाफ्यात घोटाभर चिखलात उभा असलेला मनुष्य पहाटेपर्यंत दारे धरीत राहतो. जुन्नरकडील उसाच्या पट्ट्यात बिबट्याचे आणि सर्वत्रच विंचूकिरडाचे भय त्याच्या पाठीशी असते. आणि अशातच रोहित्र जळाले, तर दुसरे येईतो उभे पीक सुकताना पाहण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही.

शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना शासनाने २०१७ साली हाती घेतली, ती सर्वथा स्वागतार्ह आहे. जेथे ती पोहोचलेली नाही, तेथे तिची अंमलबजावणी विनाविलंब व्हावी, आणि तोवर निदान रब्बीच्या हंगामात दिवसाच्या पाळ्यांना अग्रक्रम मिळावा, अशी शासनदरबारी आमची आग्रहाची विनंती आहे.